ऐंशी किलोची स्लाइड

मित्रांनो, मला ओळखलंत? कसं ओळखणार म्हणा! मशीनचं टेबल ज्या दोन पोलादी पट्ट्यांवरून आत-बाहेर सरकतं, त्यातली डावी मी. आम्हाला स्लाइड म्हणतात. उजवीकडे माझी बहीण. दोघी मिळून ऐंशी किलो पेलतो, त्यावर काही नको, असं आमच्या अंगावरच कोरलंय.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आम्ही सहा वर्षं इमानानं राबलो. ड्रिलिंग मशीन चालवायची सोनिवलीची सुनंदा. रोज सकाळी ती आम्हाला पुसून तेल द्यायची. असा मायेचा हात फिरला की काम जड वाटत नाही हो.

एकदा साठ किलोचा जॉब, म्हणजे भोकं पाडायचा लोखंडी ठोकळा, आला. फोरमन चिंतामणीकाका कामात पक्के, पण भारी घाईचे. "साठचा जॉब, ऐंशीची स्लाइड. बिनधास्त चालव," म्हणाले. जॉब पकडून ठेवणारं लोखंडी फिक्श्चर त्यांनी हिशेबात धरलंच नाही! वर्षभर ते टेबलावरच बसलेलं. त्यालाही वजन असतं, हे त्यांच्या डोक्यातून साफ गेलं.

टेबल पूर्ण बाहेर ओढलं की सगळा भार आम्हा दोघींवर लटकायचा, आणि त्याच्याखाली हात घालून सुनंदा लोखंडाचा चुरा काढायची. माझा जीव नुसता टांगणीला लागला. ज्यांच्यावर आम्ही सरकतो, त्या आतल्या पोलादी गोळ्या चिरडल्या जात होत्या. मी करकरले. मला तोंड नाही, तेवढंच जमलं.

सुनंदानं झटकन हात मागे घेतला. "काका, टेबल जड जातंय. मी नाय खाली हात घालणार."

"अगं, तेल घाल ना! संध्याकाळी गाडी भरायचीय."

"तेल सकाळीच घातलंय. ते फिक्श्चर आधी काट्यावर ठेवा."

काका कुरकुरले, पण दोघांनी मिळून ते उचलून काट्यावर ठेवलं. पस्तीस किलो! म्हणजे आमच्यावर पंच्याण्णव. काकांचा चेहराच उतरला.

"चुकलं गं माझं. तुझा हात गेला असता."

त्या दिवशी गाडी रिकामीच परतली. काकांनी उल्हासनगरहून दीडशे किलोची नवी जोडी आणली. आम्हाला उतरवलं तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आता भंगारात जाणार, असंच वाटलं. पण सुनंदानं हट्टानं आमच्या गोळ्या बदलून घेतल्या आणि आम्हाला दुसऱ्या मशीनच्या हलक्या टेबलाला लावलं.

मित्रांनो, एकच मागणं आहे. कुणावर ओझं टाकताना, त्यानं आधीच काय काय उचललंय ते विचारा. पेलणारा बहुधा मोडेपर्यंत बोलत नाही, आणि खाली कुणाचा तरी हात असतो.