पाठ केलेला पन्हाळा

पन्हाळ्यावर गाइडचं काम करणाऱ्या जोतीरामला गडाचा इतिहास इंग्रजीत तोंडपाठ होता. अडचण एवढीच, की मध्येच कुणी काही विचारलं तर तो थांबायचा, घाम पुसायचा आणि पुन्हा ‘लेडीज अँड जंटलमन’पासून सुरू करायचा. एकदा एका परदेशी आजीबाईंनी त्याला इतक्या वेळा अडवलं, की शेवटी ‘लेडीज अँड जंटलमन’ सगळ्या पाहुण्यांनीच एका सुरात म्हटलं!

टूर कंपनीचे मालक विजयसिंह म्हणाले, “जोतीराम, टेप वाजवायला माणूस कशाला पायजे? दिवाळीनंतर परदेशी पावणं येत्यात. तवा एकदा बघतो. न्हाय जमलं तर दुसरा गाइड.”

जोतीरामची बायको शिवलीला गडहिंग्लजकडची, माहेरी कन्नड बोलणारी. शाळेत इंग्रजी शिकवायची. ‘व्याकरण शिका’ असं ती कधीपासून सांगत होती आणि तो नवऱ्याच्या हक्कानं ऐकत नव्हता.

“ती साहेबाची भाषा,” तो त्या संध्याकाळी म्हणाला. “हात लावायचं धाडस हुत न्हाय. पाठ केल्यालं बरं.”

“साहेबानं तरी ती एकट्यानं केली होय? जर्मनीकडनं इंग्लंडात टोळ्या आल्या, त्यांच्या बोलीतून सुरुवात झाली. मग उत्तरेकडचे दर्यावर्दी आले. मग फ्रेंच बोलणारे राज्य करायला आले. मेंढराचं ‘शीप’ हे नाव राखणाऱ्याच्या बोलीतलं राहिलं, आणि ताटातलं ‘मटण’ फ्रेंच झालं.”

“मटण फ्रेंच?” जोतीराम दचकला. कोल्हापूरच्या माणसाला हा धक्का लहान नव्हता.

“आणि ‘लूट’ हा शब्द आपल्याकडनं गेला. मालासकट! अहो, इंग्रजी म्हणजे इंग्लंडातलं गडहिंग्लज. जो बाजाराला आला, तो दोन शब्द ठेवून गेला.”

“मग एवढ्या खिचडीला व्याकरण कशाला?”

“शब्द कुठनंबी येऊ देत, जोडायची रीत एक असली तरच एकाचं दुसऱ्याला कळतं. मी लग्न होऊन आले तेव्हा चार मराठी वाक्यं पाठ करून आले होते. सासूबाई पाचवं बोलल्या आणि मी रडले. रीत शिकले, तेव्हा कुठं भांडता यायला लागलं.”

“ते दिसतंयच की.”

“पाठांतर म्हणजे एसटी, ठरल्या रस्त्यानंच जाणार. व्याकरण म्हणजे स्वतःची मोटरसायकल!”

त्या पावसाळ्यात जोतीराम रोज संध्याकाळी बायकोसमोर वही घेऊन बसला. शिवाजी पेठेतल्या मित्रांनी त्याला ‘पहिलीतला जोत्या’ म्हणून चिडवलं. तो बसतच राहिला.

दिवाळीनंतर गडावरच्या धान्यकोठारापाशी एका परदेशी पाहुणीनं विचारलं, “एवढं धान्य दळायचं कोण?” विजयसिंह मागेच उभे होते. जोतीराम थांबला. त्यानं घाम पुसला. आणि शब्द जुळवत जुळवत इंग्रजीत म्हणाला, “मला माहीत नाही. पण विचारून सांगतो.”

हे वाक्य त्याच्या पाठ केलेल्या भाषणात कुठेच नव्हतं!

त्यानं शेजारी भाकरी विकणाऱ्या तानाबाईंना विचारलं. “कोन दळनार? बाईमाणूसच की!” त्या म्हणाल्या. “त्यांच्यात काय बाप्ये दळत हुते व्हय? इचार तिला.”

जोतीरामनं तेही विचारलं. पाहुणी हसत तानाबाईंशेजारी बसली आणि जोतीराम मध्ये दुभाषा होऊन दोघींच्या गप्पा इतक्या रंगल्या, की गडाचा उरलेला इतिहास राहूनच गेला.

“उद्याची ट्रिपबी तूच घे,” विजयसिंह घड्याळ बघत म्हणाले. “फकस्त जरा आवर.”

नागरिकहो, इंग्रजी कुणा एकाच्या घरची नाही. तिला भिऊ नका. पण तिची रीत शिका. पाठ केलेल्या वाक्यांनी नुसतं सांगता येतं. रीत कळली, की विचारताही येतं.