झाकणावरचं मेण

चिखलीच्या अलीकडे चढ संपता संपता फियाटनं दोन आचके दिले आणि ती रस्त्याच्या कडेला गप्प उभी राहिली. मेहकर सोडल्यापासून ही दुसरी खेप.

"आता काय झालं?" सिंधूताईंनी मागच्या सीटवरून विचारलं.

"पाह्यतो ना वहिनी," म्हणत जाकीर खाली उतरला.

पाहतो कसला, कपाळ. सिंधूताईंना त्याचा एक शब्द खरा वाटत नव्हता. आज बुलढाण्याला गाडीचं पासिंग होतं. पन्नास वर्षांची गाडी. पास झाली तर आणखी पाच वर्षं रस्त्यावर, नाहीतर सरळ भंगारात. आणि ती भंगारात निघाली तर कुणाचं फावणार, हेही त्यांना ठाऊक होतं. पहिल्यांदा बंद पडली तेव्हा या गृहस्थानं बॉनेट उघडून फुंका मारल्या, खाटखूट केली, तोंडानं चक् चक् केलं. थोड्या वेळानं गाडी आपसूक चालू झाली. सगळं नाटक.

फियाट कचरूची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची. सिंधूताई आरोग्य केंद्रात नर्स होत्या. अडलेल्या बाईसाठी आडगावाहून निरोप आला की कचरू हीच गाडी काढायचा. कित्येक लेकरं हिच्याच मागच्या सीटवर जन्मली. माणूस गेल्या वर्षी गेला. आता त्याच्या हाताची म्हणावी अशी एवढी एकच वस्तू उरली होती, आणि ती जाऊ द्यायची त्यांची मुळीच तयारी नव्हती.

घराची बोळ अरुंद, म्हणून गाडी पहिल्यापासून जाकीरच्या गॅरेजच्या शेडमध्ये राहायची. तो कचरूचा जिवाचा दोस्त. पण दोन महिन्यांपूर्वी तो जालन्याच्या एका शौकीन माणसाला घेऊन दारात आला. म्हणाला, "वहिनी, जुन्या गाडीची कदर असनारा मानूस हाये. पाहा, द्यायची असन तर." तेव्हाच सिंधूताईंच्या मनात पाल चुकचुकली. मग त्या अधूनमधून शेडमध्ये डोकावू लागल्या, तर पेट्रोलचा काटा दर वेळी थोडा खालीच. उभी गाडी पेट्रोल पिते का? कुंपणच शेत खाऊ लागल्यावर सांगावं कोणाला?

जाकीरला विचारायचं तर त्यांच्या मनातही आलं नाही. दवाखान्यातलं औषधांचं कपाट अख्खी नोकरीभर त्यांच्या ताब्यात होतं आणि त्यांची रीत ठरलेली होती. कुणाला काही विचारायचं नाही, कुलपावर लाख ओतायची. सील तुटलं की चोर आपोआप कळतो. काल पंपावर डोळ्यांदेखत टाकी भरून घेतली, आणि जाकीर तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजाला गेल्यावर त्यांनी बुद्धवंदनेच्या मेणबत्तीचा तुकडा पेटवला. गाडीपासून दूर मेण डबीत वितळवलं आणि टाकीच्या झाकणावर, कडेच्या फटीवर नेऊन ओतलं. झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक दिसलं. तेही बुजवून टाकलं. स्पिरिटच्या बाटलीला बूच नसलं तर स्पिरिट उडून जातं, एवढं तर नर्सला कळतंच.

आता जाकीर गाडीच्या मागे गेला. त्यानं झाकण पिळलं तशी सूं करून हवा आत ओढली गेली. त्यानं अंगठ्यानं काहीतरी खरवडलं, नखातलं मेण पाहिलं आणि मागच्या काचेतून सिंधूताईंकडे पाहिलं. चोर रंगेहाथ सापडला म्हणून त्या ताठ बसल्या होत्या. पण चोराचा चेहरा असा नसतो, हे त्यांनाही कळलं.

"वहिनी, पिन असन तर द्या."

त्यांनी पदराची पिन काढून दिली. भोक कोरता कोरता तो शांतपणे म्हणाला, "पेट्रोल कमी होते तशी या भोकातून हवा टाकीत येते. हे बुजलं का टाकी पेट्रोल सोडत नाही. म्हनून बंद पडून राह्यली होती."

मेण कुणी लावलं, हे त्यानं विचारलं नाही. पुढे बुलढाण्यापर्यंत गाडी एकदाही अडली नाही, आणि सिंधूताईंची मान काही वर झाली नाही.

इन्स्पेक्टरनं दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, चेसिस नंबर ताडून घेतला. इंजिनाचा आवाज ऐकून म्हणाला, "बरं ठेवलंय. लोक वर्षभर उभ्या गाड्या आणतात, पार जाम झालेल्या."

"आठवड्यातून दोनदा फिरवतो ना साहेब. मालकानं जाता जाता सांगून ठेवलं होतं."

काटा खाली का जायचा, ते सिंधूताईंना तिथं कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात इन्स्पेक्टर टाकीपाशी वाकला.

"हे मेण कसलं? गळतंय काय? गळत असेल तर पास होणार नाही."

सिंधूताईंनी तोंड उघडलं, पण जाकीर आधी बोलला. "नाही साहेब, थेंब नाही गळत. मेन मीच लावलं. कचरा जाऊ नये म्हनून."

"हवेचं भोक बुजवलं? मेकॅनिक आहात की हजाम?"

रांगेतले ड्रायव्हर खो खो हसले. त्यात मेहकरचे दोघे होते. ही गोष्ट आता बसस्टँडवर घोळून घोळून सांगितली जाणार होती. जाकीर मान खाली घालून म्हणाला, "चुकलं साहेब." इन्स्पेक्टरनं झाकण पुसून, वाकून, हात फिरवून पाहिलं. गळती नव्हती. गाडी पास झाली.

दोघं परत निघाले. मेहकरात गाडी गॅरेजकडे न वळता सिंधूताईंच्या बोळीच्या तोंडाशी थांबली.

"इथं काऊन लावता भाऊ?"

"शेडातली जागा मले लागते आता, वहिनी."

शेडमध्ये दुसरी गाडी नव्हती, हे सकाळीच त्यांनी पाहिलं होतं. त्यांना रडू फुटलं. "माह्यं चुकलं, भाऊ. ते मेन मीच लावलं होतं."

"मले समजलं होतं."

"मंग तुमी इचारलं काऊन नाही?"

"तुमी तरी कुठं इचारलं?"

आवाज चढला नव्हता. त्यानं चाकांना दगड लावले, चावी त्यांच्या हातावर ठेवली, सलाम केला आणि बाजारपेठेच्या अंगानं चालू लागला.

सिंधूताईंनी चारही दारं एकेक करून ओढून पाहिली. पक्की लागली होती. पण बोळीतल्या घरातून गाडी दिसत नव्हती, आणि तिच्याकडे लक्ष ठेवा असं सांगावं असं आता कुणी उरलं नव्हतं. त्यांनी घरातून खुर्ची आणली आणि रस्त्यावर, गाडीच्या शेजारी बसून राहिल्या.