आधीचा थेंब

मावशीने तिसरं कारण खोडलं तेव्हा पेन इतकं दाबलं गेलं की अर्ज तिथे फाटता फाटता राहिला.

प्रयोगशाळेतले चंबू आणि नळ्या धुण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. पोरंपोरी, मास्तर, सगळेच तिला मावशी म्हणत. आता सेहेचाळिसाव्या वर्षी तिने पदवीच्या पहिल्या वर्षाचा अर्ज आणला होता आणि एका प्रश्नापाशी घोडं अडलं होतं : प्रवेश का हवा आहे? समोर बसलेल्या रसायनाच्या मॅडम काही सुचवत नव्हत्या. ती लिहील ते फक्त पारखून घेत होत्या.

आधी तिने बढती लिहिली. पदवीने तुम्हाला बढती मिळते का, असं मॅडमनी विचारलं. मिळत नव्हती. मग लिहिलं, मुलीला अभिमान वाटेल. पण मुलगी तर फोनवर म्हणाली होती, आई, आता कशाला डोक्याला ताप करून घेतेस? तिसरं मात्र मावशीने सावकाश लिहिलं. पोर मार्गी लागली की तू शिकायचं, असं नवरा नेहमी म्हणायचा. त्याला जाऊन पाच वर्षं झाली होती.

"ते तसं म्हणाले नसते, तर तुम्ही आला नसता?" मॅडमनी हळूच विचारलं.

मावशीने तेही खोडलं. खोडताना तिचे ओठ कुणाची तरी माफी मागावी तसे हलले.

"मग आता उरलं काय?"

"हसाल तुम्ही. मी येते तेव्हा सगळं उरकलेलं असतं, मॅडम. तळाशी राहिलेला रंग तेवढा मला दिसतो. तो येतो कसा, ते एकदा बघायचंय."

मॅडम हसल्या नाहीत. "त्यासाठी तीन वर्षं कशाला? उद्या अकराच्या तासाला येऊन उभ्या राहा."

मावशीचा चेहरा उतरला. इतकं सोपं होतं, आणि बावीस वर्षांत तिने कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पदराला हात पुसत टेबलाशी उभी राहिली. उभ्या नळीतून मॅडम चंबूत थेंब थेंब सोडत होत्या. पाण्यासारखं पाणी, काही म्हणता काही होईना. आणि मग एक थेंब पडला, मॅडमनी चंबू हलवला, आणि तो अख्खा फिकट गुलाबी झाला. मावशी पदर तसाच धरून पुढे वाकली. पोरं वहीत आकडा टिपून पुढच्या कामाला लागली.

"झालं समाधान?" मॅडमनी विचारलं.

तिने मान डोलावली. मोरीकडे चार पावलं गेली आणि परत फिरली.

"मॅडम, त्याच्या आधीचा थेंबही तसाच होता की. मग त्याने का नाही झाला गुलाबी?"

मॅडम खडू घेऊन फळ्याकडे वळल्या.

"नका सांगू," मावशी घाईने म्हणाली. "आत्ता नका सांगू. आधी अर्ज भरते."