फूटपट्टीची लाल खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण बसायला धावू नका! मी तुमच्या अंगठ्याएवढी, बाहुलीघरातली. आज माझा आनंद पोटात मावत नाही. कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय!

मला एका सुताराने घडवलं. त्याची लाकडी फूटपट्टी मोडली त्याच दिवशी त्याची लेकही रुसून बसली होती. त्याने पट्टीचे तुकडे केले, त्यांना काड्यांचे पाय लावले आणि एक टेबल व चार खुर्च्या उभ्या केल्या. पट्टीवरचे आकडे त्याने खालच्या बाजूला दडवले. माझ्या बुडाला पाच, बहिणींच्या बुडाला तीन, चार आणि सहा. लेकीची कळी लगेच खुलली.

तिच्या बाहुलीला बसायला मीच लागायची. एकदा लेकीने आत्याचं नेलपॉलिश पळवलं आणि मला वरून लालभडक रंगवलं. आत्याने कपाळावर हात मारला, पण मी काय मिरवले म्हणून सांगू! रंग वाळावा म्हणून लेकीने मला बटणांच्या उघड्या डब्याच्या काठावर ठेवलं. मी आत घसरले आणि कुणीतरी झाकण लावून टाकलं. लेकीने सगळं घर पालथं घातलं, पण तो डबा उघडायचं कुणालाच सुचलं नाही. पुढे ती मोठी झाली, बाहुलीघर कुणाला तरी देऊन टाकलं. बहिणी गेल्या आणि मी बटणांत राहिले. फार रडू यायचं हो.

शेवटी तो डबा जुन्या बाजारात आला. तिथे एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या. त्यांना बाहुलीघरांतलं जुनं सामान जमवायचा नाद. एरवी त्या प्रत्येक वस्तू आधी उलटी करून बघतात. पण माझा रंग पाहून फसल्या. "प्लॅस्टिकची दिसते," म्हणाल्या आणि मला ठेवून चालू लागल्या. माझा जीव कासावीस झाला!

"बरं झालं," नवरा हसला. "घरात माणसांना बसायला जागा नाही, आणि हिला आणखी खुर्च्या हव्यात!"

हसता हसता त्याचा धक्का डब्याला लागला. बटणं चौफेर उधळली आणि मी पाय वर करून पडले. मला उचलताना तो थबकला.

"अगं, हिच्या बुडाला आकडा आहे. पाच."

बाई धावतच परत आल्या. "आपल्याकडे तीन आहे, चार आहे, सहा आहे... अरे, हीच ती! किती वर्षं शोधतेय मी हिला!"

"हळू बोल, दुकानदार भाव वाढवेल!"

पण त्यांना कुठलं हळू बोलवतंय! आणि मला तर उड्या माराव्याशा वाटत होत्या.

घरी टेबलाभोवती माझ्या तिन्ही बहिणी होत्या. चौथ्या बाजूला जागा तशीच मोकळी होती. बाईंनी मला अलगद तिथे ठेवलं.

"रंग काढायचा का हिचा?" नवऱ्याने विचारलं.

"छे! कुणीतरी किती हौसेने नटवलंय तिला. राहू दे."

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू टाकून देण्याआधी एकदा उलटी करून बघाल ना? कुठल्यातरी टेबलापाशी तिची जागा कुणीतरी अजून मोकळी ठेवली असेल.