एकशे वीसची रेघ

आईने फूटपट्टी पाऊणच्या डोक्यावर आडवी धरली, तिचं टोक दाराच्या चौकटीला टेकवलं आणि खडूने बारीकशी रेघ मारली. मग गळ्यातली टेप काढून जमिनीपासून रेघेपर्यंत लावली. जेवणाच्या टेबलाशी बाबा हातातला पाव तसाच धरून बसले होते. दादा खुर्चीवर उभा राहून डोकावत होता.

"एकशे साडेअठरा," आई म्हणाली.

बाबांनी पावाचा घास घेतला आणि दादाने खुर्चीवरून धाडकन उडी मारली. पाऊण मात्र चौकटीला पाठ लावून तशीच उभी राहिली. नऊ वर्षांची झाली तरी वर्गाच्या रांगेत ती अजून सगळ्यात पुढे असे, म्हणून दादाने तिला हे नाव दिलं होतं. तो म्हणायचा, सगळी माणसं एक असतात, ही पाऊण आहे. सुरुवातीला ती चिडायची. पुढे तिने पाटीवरही तेच लिहायला सुरुवात केली आणि चिडवण्यातली मजाच गेली.

"म्हणजे अजगर नाही," ती म्हणाली.

"यंदा नाही. पुढच्या वर्षी."

"चालेल."

चालेल हे तिने फार पटकन म्हटलं, पण ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळे खुशीत होते.

सहलीला ज्या पार्कमध्ये जायचं होतं त्याच्या फाटकाशी आकडे मांडलेली एक उभी फळी होती आणि तिच्यावर एकशे वीस सेंटिमीटरला लाल रेघ. डोकं रेघेच्या खाली राहिलं तर अर्धं तिकीट, वर गेलं तर पूर्ण. अर्ध्या तिकिटावर आत सगळं मिळायचं, फक्त अजगरावर बसू देत नसत. अजगर म्हणजे तिथली सगळ्यात मोठी, रुळांवरून गिरक्या घेत जाणारी गाडी. दादा मागच्या वर्षी शाळेबरोबर जाऊन तिच्यात बसून आला होता, आणि तिच्या वळणांचं वर्णन त्याने घरात इतक्या वेळा केलं होतं की बाबा पीठ मळतानाही ती वळणं सांगू शकले असते. पाऊणने वर्षभर एकच ध्यास घेतला होता. दूध नाक मुरडून का होईना पण संपवायचं, दाराच्या वरच्या कडीला लोंबकळायचं आणि उंच व्हायचं.

पण सहल परवडायची तर ती उंच न झालेलीच बरी होती. आईने हा बेत कापड बेतावं तसा बेतला होता, चिंधीसुद्धा वाया जाणार नाही असा. दिवस बुधवार, कारण बुधवारी तिकीट कमी असतं आणि बेकरीत बाबांची सुट्टीही त्याच दिवशी. मुलांच्या सुट्टीतला पहिलाच बुधवार, कारण पुढच्या बुधवारपासून पार्कवाले भाव वाढवणार होते. पहिली बस. डबा घरचा. आत फोटो काढायचे नाहीत, सामान ठेवायला कपाट घ्यायचं नाही. सगळं बसत होतं, फक्त पाऊणचं तिकीट अर्धं हवं होतं. आदल्या दिवशी जेवताना बाबा सहज बोलून गेले होते की ही रेघेच्या वर निघाली तर मी राहतो घरी, मला काय, दिवसभर झोप मिळेल. आईने त्यांच्याकडे रागाने पाहिलं. पाऊण तेव्हा टेबलाखाली सांडलेली बटणं वेचत होती.

बाबा पहाटे तीनला भट्टीवर जायचे आणि दुपारी येऊन झोपायचे. मुलं जागी असताना ते झोपलेले आणि ते जागे असताना मुलं शाळेत, भेट काय ती रात्रीच्या जेवणापुरती, असं तीन वर्षं चाललं होतं. त्यामुळे या बुधवारी बाबा असणं ही गोष्ट घरात कोणी मोठ्याने बोलत नसलं तरी अजगरापेक्षा लहान नव्हती.

त्याच झपाट्यात आईने पाऊणच्या नव्या पॅन्टचं माप घेतलं. सहलीला निळी पॅन्ट शिवायचं कबूल केलं होतं. पाऊणच्या अंगात घरातला लांब झगा होता. आईने कमरेवर टेप धरून जमिनीपर्यंत सोडली, आकडा वहीत टिपला आणि तिला सोडून दिलं. आईचा नियम होता, माप दोनदा घ्यायचं आणि कापड एकदा कापायचं. गेल्या अठरा वर्षांत तिने तो कोणासाठी मोडला नव्हता. पण मनासारखं माप आलं की ते दुसऱ्यांदा घ्यायला हात उचलत नाही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. नवा दवाखाना सजवायचा होता, अकरा पडदे हवे होते, आठवड्यात झाले तर पैसे लगेच देणार होत्या. आईने मशीन थांबवलंसुद्धा नाही.

"मी माणसांचे कपडे शिवते बाई. खिडक्यांचे नाही."

डॉक्टरीणबाई हसून गेल्या. बाबांनी आतून ऐकलं आणि म्हणाले की आलेली लक्ष्मी अशी दारातून परत पाठवू नये. आई म्हणाली, सरळ शिवण तर कोणीही मारतं, त्यासाठी माझ्याकडे कशाला यायचं. तिचा हा तोरा सगळ्या गल्लीला माहीत होता आणि खरं सांगायचं तर गल्लीला तो आवडायचाही. तिच्या हातचा कपडा दुसऱ्यांदा घालून बघावा लागत नसे.

शनिवारी संध्याकाळी पॅन्ट तयार झाली. पाऊणने ती चढवली, आरशासमोर एक गिरकी घेतली आणि आईच्या हातातली टाचणी हातातच राहिली. पॅन्ट आखूड होती. थोडीथोडकी नाही, चांगली दोन बोटं. घोटा पूर्ण उघडा.

"मला अशीच आवडते," पाऊण घाईघाईने म्हणाली.

"काढ."

आईने पॅन्ट टेबलावर पसरली. कापायच्या टेबलाच्या कडेला पितळी खिळे ठोकलेले होते, टेप जुनी होऊन ताणली गेली तर कळावं म्हणून. तिने टेप खिळ्यांना लावून पाहिली. टेप बरोबर होती. पॅन्ट वहीतल्या आकड्याशी लावली, तीही दोऱ्याइतकी चुकली नव्हती. आता चुकायला उरलं होतं ते फक्त माणूस. आणि समोरून ते माणूस पुन्हा झग्यात शिरून पाणी प्यायला चाललं होतं. झग्याची कड जमिनीपासून चांगली वर होती. आईला आठवलं, परवा टेप सोडताना झग्याची कड जवळजवळ जमिनीला टेकली होती. झगा दोन दिवसांत आटलेला नव्हता. त्याच्या आत कोणीतरी गुडघे वाकवून उभं होतं.

दादा दाराशी बूट काढत होता. आईने त्याला जवळ बोलावून हळूच विचारलं, शाळेत एवढ्यात कधी उंची मोजली का.

"सोमवारी. सगळ्यांची. हिची साडेएकवीस भरली, एकशे साडेएकवीस. मैदानात नाचत होती वेड्यासारखी. का, तुला नाही सांगितलं?"

"तू का नाही बोललास?"

"मला वाटलं, शाळेचं माप चुकलं. तुझं कशाला चुकेल?"

आई मशीनपाशी जाऊन बसली. पोरीने वर्षभर दूध पिऊन, कडीला लोंबकळून कमावलेली उंची एका संध्याकाळी गुडघ्यात दडपून टाकली होती, बाबा बरोबर यावेत म्हणून, आणि वर चालेल असंही म्हटलं होतं. आईला रागही आला, तो स्वतःचाच. अठरा वर्षं माणसं मापली आणि घरातलंच माणूस मापता आलं नाही. जाऊन पोरीला कवटाळावं असं तिला वाटलं. पण तसं केलं असतं तर पाऊणने दिलेलं तिच्या पदरात परत टाकल्यासारखं झालं असतं, आणि बुधवारची वाट पाहायचं सोडून पोरगी बाबांच्या तोंडाकडे बघत बसली असती. म्हणून तिने हाक मारून एवढंच सांगितलं की कापड जरा आटलंय, खाली सोडून देते.

बाबा आतून बाहेर आले होते. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. रात्रभर भिजवल्याशिवाय ती कापडाला कात्री लावत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? पण संसारात कुठे बोलायचं नाही हे ज्याला कळतं तो सुखी, असं त्यांचं मत होतं. ते पाणी पिऊन परत गेले.

मुलांच्या पॅन्टला आई आतून चार बोटांची दुमड ठेवायची. पोरं काही विचारून वाढत नाहीत, असं ती गिऱ्हाइकांना सांगे. तिने टाके उसवले, दोन बोटं खाली सोडली आणि कड पुन्हा शिवली. मग पायांत चपला अडकवून समोरच्या दवाखान्यात गेली.

"खिडक्यांची मापं घ्यायला आलेय," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी लगेच स्टूल ओढून दिलं.

रविवार, सोमवार, मंगळवार घरात जिकडे तिकडे पिस्ता रंगाचं कापड होतं. पाऊण त्याच्या ढिगाखाली लपून बसायची आणि दादा वरून उड्या मारायचा. बाबांनी एकदा विचारलं, माणसं संपली वाटतं गावातली. आई म्हणाली, हात मोकळे होते. सरळ शिवण इतकी कंटाळवाणी असते हे तिला ठाऊक होतं, पण अकरा पडद्यांच्या चव्वेचाळीस कडा सरळ मारणं वाटलं तितकं सोपंही नव्हतं, हे तिने मनातल्या मनात मान्य केलं. सहाव्या पडद्याला सुई बोटात गेली. मंगळवारी दुपारी अकरावा पडदा टांगून झाला, आणि डॉक्टरीणबाईंनी बोलल्याप्रमाणे पैसे हातावर ठेवले.

बुधवारी पहिल्या बसमध्ये चौघांना एकाच रांगेत जागा मिळाली. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि या वेळेला सूर्य कुठे असतो ते मुलांना दाखवत होते. पाऊण त्यांच्या मांडीला मांडी लावून बसली होती. दादा अजगराचं तिसरं वळण सांगायला लागला तेव्हा ती खिडकीबाहेर बघत राहिली.

पार्कच्या फाटकाबाहेर आईने तिघांना झाडाखाली उभं केलं आणि एकटी खिडकीवर गेली. परत आली ती तिकिटं मुठीत घेऊन. बाबांचं त्यांच्या हातात दिलं, दादाचं दादाला. पाऊणचं मात्र स्वतःकडेच ठेवलं.

रांग सरकत फाटकाशी आली. टोपीवाल्या माणसाने आईच्या हातातून दोन तिकिटं घेतली, पाऊणकडे पाहिलं, पुन्हा तिकिटाकडे पाहिलं आणि तिला फळीशी उभं राहायला सांगितलं. पाऊण आज्ञाधारकपणे गेली आणि पाठ लावून उभी राहिली. निळ्या पॅन्टला गुडघ्यांवर किंचित पोक आलं आणि बुटांवर दोन चुण्या पडल्या.

"ही तर रेघेच्या खाली आहे, बाई," माणूस म्हणाला. "हिला अर्धं चाललं असतं. पूर्ण कशाला काढलंत? जा, खिडकीवर बदलून देतील."

बाबांनी चमकून आईकडे पाहिलं.

"पूर्ण?" ते म्हणाले. मग त्यांची नजर तिच्या बोटाच्या चिंधीवर गेली. "पडदे?"

"पडदे."

पाऊणला यातलं काही कळत नव्हतं. तिचं सगळं लक्ष गुडघ्यांकडे होतं. आई तिच्यासमोर उकिडवी बसली, गिऱ्हाइकासमोर बसते तशी, आणि तिने दोन्ही हात तिच्या गुडघ्यांमागे ठेवले.

"आता सरळ उभी राहा."

पाऊणचा चेहरा उतरला. ओठ हलले, पण आवाज फक्त आईला ऐकू आला.

"बाबा घरी जातील."

"बाबांचं तिकीट बाबांच्या हातात आहे. बघ."

तिने बघितलं. बाबांनी तिकीट उंच धरलं होतं, बसमध्ये कंडक्टरला दाखवतात तसं. मग पाऊणने एक मोठा श्वास घेतला, आणि आईच्या तळहातांखाली तिचे गुडघे हळूहळू ताठ झाले.

माणसाने वाकून फळीवरचा आकडा वाचला, डोकं खाजवलं आणि मोठ्याने सांगितला. दादाने आरोळी ठोकली. आईने फळीकडे पाहिलंच नाही. ती पॅन्टची कड बघत होती. बुटांवरच्या चुण्या गेल्या होत्या आणि कड घोट्याखाली बरोबर जिथे यायला हवी तिथे येऊन टेकली होती. तरीही आईने गळ्याकडे हात नेला. टेप घरी राहिली होती. मग तिने दोन बोटं कडेखाली लावून माप घेतलं, आणि पुन्हा एकदा घेतलं.