मेंढपाळ, दोनदा

“काकू, निधनाच्या कागदावर टोपणनाव काय घालू?” छापखान्यातल्या मुलीने विचारले.

“नव्हतं त्यांना टोपणनाव,” ओनोरीना म्हणाली.

तिचा मुलगा मोरेनो चुळबुळला. “आई, गावात ओरेस्ते पेगोरारो तिघं आहेत. बाबा गेल्याचं कळल्यावर काल लोक फुलं घेऊन घड्याळवाल्या ओरेस्तेकडे गेले. दार त्यानंच उघडलं!”

विचेन्झा शहराच्या वरच्या पठारावरचे ते गाव निम्मे पेगोरारोंचे. तिकडच्या बोलीत पेगोरा म्हणजे मेंढी, पेगोरारो म्हणजे मेंढपाळ. कधीकाळी घरोघरी मेंढरे होती. मेंढरे गेली, आडनाव तेवढे चिकटून राहिले. आता बेकरीवाला पेगोरारो, बसचा ड्रायव्हर पेगोरारो, पाद्रीसुद्धा पेगोरारोच. म्हणून ज्याला त्याला टोपणनाव: लंगड्या, घड्याळवाला, अमेरिकन. ओरेस्तेला मात्र कुणी काही ठेवलेच नाही. कळप त्याच्या एकट्याकडे उरला होता. नुसते ‘पेगोरारो’ म्हटले की तोच.

शाळेत मोरेनो दिसला की पोरे ‘बेंऽऽ’ करत. मिसरूड फुटल्याबरोबर तो खाली चामड्याच्या कारखान्यात गेला. “माझ्यामागं ही मेंढरं कोण राखणार?” बाप एकदाच म्हणाला होता. “विकून टाका,” मुलानेही एकदाच सांगितले. त्यानंतर दोघे पाऊसपाण्याचेच काय ते बोलत.

“मेंढपाळ लिही,” ओनोरीना म्हणाली. “ओरेस्ते पेगोरारो, मेंढपाळ.”

“अहो काकू, एकच गोष्ट दोनदा होईल. लोक हसतील.”

“हसू देत. दोनदाच लिही.”

मुलीने मोरेनोकडे पाहिले.

“लिहा,” तो खाली बघत म्हणाला.

गावभर भिंतींवर कागद लागले. हसले कुणी नाही. घड्याळवाला ओरेस्ते टोपी काढून बराच वेळ उभा राहिला. काळ्या चौकटीत आपलेच नाव वाचताना त्याचे ओठ हलत होते.

दफन झाले आणि त्याच आठवड्यात मेंढरे न्यायला व्यापारी ट्रक घेऊन आला. ओनोरीनाच्या गुडघ्यांना आता डोंगर चढवत नव्हता. दुसरा इलाज नव्हता. पण मेंढरे ट्रकला लावलेल्या फळीवर पाय ठेवीनात. व्यापाऱ्याने काठी उगारली.

“मारू नका,” मोरेनो म्हणाला.

तो ट्रकमध्ये चढला, पार आतल्या टोकाला गेला आणि घशातून एक लांब, खरखरीत हाक काढली. थेट बापाची हाक. ओनोरीना दोन पावले पुढे आली. ही हाक त्याला येते हे तिलाही ठाऊक नव्हते. म्होरकीने कान टवकारले आणि ती फळी चढली. मागोमाग सगळा कळप चढला, त्याच्या पायांना अंग घासत.

“अहो, हाक येते की तुम्हाला!” व्यापारी म्हणाला. “मग विकता कशाला?”

मोरेनो कळपातून वाट काढत उतरला आणि ट्रकची कडी त्याने स्वतःच लावली.

ट्रक वळणांआड गेला तरी खालून बेंबें ऐकू येत होते. मोरेनो दगडी बांधावर बसून खोकत होता. ओनोरीनाने आतून दुधाचा मोठा वाडगा आणला.

“सकाळचं आहे. शेवटचं.”

मेंढीच्या दुधाचा वास त्याला लहानपणापासून सोसत नसे. त्याने वाडगा दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावला. दूध संपले, तरी तो वाडगा चेहऱ्यावरून खाली आला नाही. ओनोरीना त्याच्याकडे पाठ करून, त्याच्यासमोर आडोशासारखी उभी राहिली.