बनुबाईची ड्यूटी

आमचे मालक नेव्हीत हुते. सारी नोकरी ह्यांनी दर्यावर काढली आन मी गावाकडं, काष्टीत. शेत, गुरं, सासू, सगळं माझ्या गळ्यात. रिटायर झाले तवा वाटलं, आता तरी मानूस घरात दिसंल. कसलं काय! एक जुनी शिडाची होडी घेतली आन म्हनले, "बनू, गोव्यातनं आफ्रिकेला जाऊन येतो."

मी म्हनले, "जाऊन येतो न्हाई. आपून दोघं जाऊन येतो."

गाव हसलं. हसू द्या. होडीला नाव दिलं सासूचं, राहीबाई. म्हनजे दर्यातबी मी तिच्याच घरात नांदते.

हितं होडी सदा एका अंगावर कललेली. गॅसची शेगडी पाळन्यावानी झुलती, तिच्यापुढं मी सोताला पट्ट्यानं बांधून घेते आन भाकरी थापते. भांडी खाऱ्या पान्यानं घासायची, अंघोळबी खाऱ्याच पान्यानं, शेवटी तांब्याभर गोडं. सकाळी वर डेकवर उडते मासे येऊन पडलेले असतात, ते तव्यावर टाकायचे. मग दिवसभर शीड वढा, शीड सोडा. सुकानू धरायला ऑटोपायलट नावाचं मशीन, आन त्याच्यावर नजर ठेवायची ड्यूटी ह्यांची. मला सुकानू शिकवलं, माझा हातबी बसला, पर एकटीला कवा दिलं न्हाई. मी धरलं की हे शेजारी डोळे फाडून उभे. खाली आडवे झाले तरी एक डोळा उघडाच.

त्यात मी घोळ घातला. होडीत खाऱ्या पान्याचं गोडं करायचं यंत्र हाय. बॅटरी भरली की हे ते थोडा वेळ चालू करतात. आता काष्टीत नळ कवा येईल त्याचा भरवसा न्हाई. आला की हंडा, कळशी, बादली, दिसंल ते भरून ठेवायचं. हाताला तीच सवय. हे वर शीड बांधत हुते, तवर मी पातेली, कुकर, बादल्या, पिठाचा रिकामा डबा, सगळं काठोकाठ भरून वळीनं मांडलं. असं बरं वाटलं म्हनून सांगू! तेवढ्यात वारा फिरला, होडी दुसऱ्या अंगावर पडली आन सगळं पानी धडाधडा वायरींच्या पेटीत गेलं. ऑटोपायलट जागीच बंद.

"ही काय काष्टी हाय व्हय, पानी भरून ठेवायला?" हे ओरडले. जरा वेळानं, न ओरडता म्हनले, "सेशल्स बेट आलं की तू उतर. इमानात बसून घरी जा. फुडं मी एखादा खलाशी घेतो."

ते न ओरडता बोललेलं लई लागलं. चूक माझी, कबूल. पर चूक झाली म्हनून घरी धाडायचं? गोव्यातनं निघताना ह्यांनी होडी धक्क्याला घासली, तवा मी म्हनले का, तुमी उतरा म्हनून?

मग हे हट्टानं एकटेच सुकानू धरून बसले. तो दिवस, ती रात्र, दुसरी सकाळ. एका हातानं भाकरी खायाचे. डोळे लालबुंद. मी म्हनायची, "द्या हिकडं," की म्हनायचे, "तू चहा कर." आरं, किती चहा करू!

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेऊन वर आले तर ह्यांची मान छातीवर पडलेली. होडी भलतीकडंच वळली, आन शिडाचा आडवा खांब ह्यांच्या डोक्यावरनं वितीच्या अंतरानं सपकन गेला. कप कुठं पडला मला ठाऊक न्हाई. कमरेच्या पट्ट्याची कडी होडीला अडकवली, ह्यांचा हात सुकानूवरनं काढला आन होडी वळवून घेतली.

"उठा," म्हनले.

"बनू, वारा लई हाय—"

"वारा दिसतोय मला. तुमाला दिसंना झालाय."

"आगं, हे मशीनचं काम हाय, तासन्‌तास धरायचं—"

"मशीन मी बुडवलं ना? मग आजपासनं मशीन मीच. आन इमानाचं तिकीट काढायचं तर तुमचं काढा. मी खलाशी घेते!"

हे उठले. वाटलं, आता भडकतील. काय न्हाई. माझ्या पट्ट्याची कडी दोनदा वढून बघितली आन खाली गेले.

मी मनात म्हनले, गेलेत खरं, पर एक डोळा उघडाच असनार. तेवढ्यात मोठी लाट आली, होडी उचलली, वाकडी झाली. दोनी हातांनी सुकानू छातीशी दाबून मी ती सरळ केली आन खालनं आरडा यायची वाट बघितली. "बनू, डावीकडं! बनू, सोड!" असलं कायतरी.

आरडा आला न्हाई. घरघर ऐकू आली. आधी वाटलं, पंप सुरू झाला का काय. मग वळखलं. हे घोरत हुते, तोंड उघडं टाकून, काष्टीच्या वसरीवर घोरावं तसं. निघाल्यापासनं हा मानूस दर्यावर असा झोपलेला मी बघितला नव्हता.

माझे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता.